अक्षर फोडू नका

वाल्या कोळ्याच्या तोंडी रामनाम येईना, तेव्हा नारदांनी त्याला ‘मरा, मरा’ म्हणायला लावलं आणि म्हणता म्हणता त्याचं ‘राम, राम’ झालं. ही गोष्ट आपण भक्तीची म्हणून ऐकतो. शब्दखेळाची आवड असलेल्याला तिच्यात आणखीही काही ऐकू येतं. ‘म’ आणि ‘रा’ यांनी जागा बदलल्या, पण ‘रा’चा काना ‘रा’पाशीच राहिला. तो सुटून ‘म’ला चिकटला असता तर ‘रमा’ झालं असतं आणि गोष्टच उरली नसती.

एका शब्दातली अक्षरं हलवून दुसरा शब्द करायचा, किंवा मोठ्या शब्दात दडलेले लहान शब्द शोधायचे, हा खेळ मराठीत कसा खेळावा याचं उत्तर मला या गोष्टीत दिसतं. अक्षर हलेल ते आपल्या काना-मात्रा-वेलांटीसकट हलेल. ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’ ही उलटसुलट सारखी वाचली जाणारी वाक्यं आपण लहानपणापासून म्हणत आलो. त्यांच्यात ‘ला’ हा ‘ला’च राहतो आणि ‘डी’ ही ‘डी’च. ‘चिमा काय कामाची’मध्ये पहिली वेलांटी दुसरी होते, तेवढी सूट लोकांनी आनंदाने दिली आहे. नियम कोणी लिहून ठेवला नाही, पण सगळ्यांनी पाळला.

तो पाळून हाती काय लागतं ते पाहा. मगर हलवली की गरम. जहर हलवलं की हजर. गरज आणि गजर, कमल आणि कलम, सावर आणि सारव. दोन अक्षरी शब्दांत तर लूटच आहे: मका–काम, तवा–वात, दवा–वाद, सखा–खास, लता–ताल, पता–ताप, नको–कोन. कोकणातल्या फणसाचा गरा उलटा केला की राग येतो, आणि ‘बरा’ उलटा केला की भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तो राब. पसाभर धान्यातला पसा उलटला तर साप निघतो.

इतक्या जोड्या निघतात त्याला कारण आहे. पहिलं अक्षर साधं आणि दुसऱ्याला काना, अशा घडणीचे शब्द मराठीत भरपूर. ते उलटले की आधी काना असलेलं अक्षर आणि मागे साधं, अशी घडण होते, आणि काम, वात, ताप यांसारखे तसे शब्दही आपल्याकडे तितकेच भरपूर. वेलांटीचं तर आणखी छान आहे. शब्दाच्या शेवटची वेलांटी आपण दुसरी लिहितो, आणि अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटीही, तत्सम शब्दांचे अपवाद सोडले तर, दुसरीच असते. म्हणून ‘तरी’ची ‘रीत’ होताना शुद्धलेखन कुठेच अडत नाही. ‘नदी’चं ‘दीन’ होतानाही अडत नाही. ज्या नियमांचा मुलांना शाळेत जाच वाटतो, तेच इथे त्यांच्या मदतीला येतात.

आता मोठा शब्द घेऊ. ‘राजकारण’ या पाच अक्षरांत राज, कारण, काज, रण, जण, रज, जरा एवढे तर सहज मिळतात. ‘जाण’ आणि ‘करण’ मात्र सोडून द्यावे लागतात, कारण त्यात ‘जा’ नाही आणि साधा ‘क’ही नाही. ‘वारकरी’त वारी आहे, वार आहे, रवा आहे, कर आहे. काने आणि वेलांट्या सुट्या करायची मुभा दिली तर याच शब्दांतून ढीगभर शब्द निघतील, पण मग शोधायचं काय राहिलं?

जोडाक्षरापाशी मन हळहळतं, हे खरं. ‘स्वातंत्र्य’मध्ये ‘तंत्र’ डोळ्यांना दिसत असतं, पण तिथे आहे ते ‘त्र्य’, सुटा ‘त्र’ नाही. माझं मत असं की तोही मोह टाळावा. एकदा ‘त्र्य’ फोडला की काना फोडायला कोण अडवणार?

संगणकावर बनवलेली मराठी शब्दकोडी नेमकी इथेच बिघडतात. युनिकोडच्या तक्त्यात काना, वेलांटी, पाय मोडायची खूण यांना वेगवेगळ्या जागा आहेत. साठवणीसाठी ते योग्यच आहे. पण त्यामुळे तीन अक्षरांचा ‘मराठी’ यंत्राला पाच चिन्हांचा दिसतो आणि तीन अक्षरांचं ‘स्वातंत्र्य’ अकरा चिन्हांचं. इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्राम ही चिन्हं सरळ पिसतो, आणि शब्दाच्या सुरुवातीला एखादी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते. हे अटळ मुळीच नाही. मात्रा व्यंजनापासून तोडू नये असा नियम युनिकोडमध्ये आधीपासून आहे, आणि २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियमही आला. खेळ तयार करणाऱ्यांनी ते वापरले पाहिजेत. चुकीचं कोडं सोडवता आलं नाही की मूल चूक स्वतःची समजतं, याचं मला फार वाईट वाटतं.

इंग्रजी खेळाचा साचा उचलूनही भागत नाही. स्क्रॅबल रचणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांत कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजून सोंगट्या ठरवल्या. इंग्रजी संचात त्या शंभर असतात. आपल्या चौतीस व्यंजनांची बाराखडीच चारशे आठ अक्षरांची होते, आणि जोडाक्षरं अजून बाहेरच आहेत.

मात्रा हलवण्याचा खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. दार–दर, सार–सर, माळ–मळ यांत गंमत आहेच. पण तो वेगळा खेळ आहे, आणि हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होतं. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या करमणुकी सांगताना अक्षरच्युतक आणि मात्राच्युतक अशी दोन वेगळी नावं घेतली आहेत. एकात अक्षर गाळायचं, दुसऱ्यात मात्रा.

दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘शब्दातील अक्षरांपासून अर्थपूर्ण शब्द तयार करा’ असा प्रश्न येतो. शिक्षकांना माझी विनंती आहे की तो दोन-चार गुणांपुरता ठेवू नका. फळ्यावर रोज एक शब्द लिहा, काना-वेलांटी त्या त्या अक्षराचीच हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि मुलं काय काय शोधून काढतात ते ऐका. शब्दकोश उघडायला याहून चांगलं निमित्त मला माहीत नाही.

वाचकांसाठी या आठवड्याचा शब्द ‘सरकारदरबार’. अक्षरं आठ, त्यांत ‘र’ चार वेळा. ‘सरकार’ आणि ‘दरबार’ धरायचे नाहीत. ‘दरकार’ आणि ‘रसद’ हे दोन मी देऊन ठेवतो, बाकीचे तुम्ही काढा. घरात लहान मूल असेल तर त्याला शेजारी घेऊन बसा.