मुलांच्या चित्रांना गावची भिंत द्या

स्नेहसंमेलनाच्या दिवशी एका वर्गातले बाक बाजूला सारायचे, दोऱ्या बांधून मुलांची चित्रं चिमट्यांनी लटकवायची, पाहुण्यांना दोन मिनिटं फिरवून आणायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळं गुंडाळून कपाटात कोंबायचं. नागोठण्यात हेच, रोह्यात हेच, पेणमध्येही हेच. हे प्रदर्शन नव्हे, मुलांची फसवणूक आहे. चित्र पाहतात कोण? त्याच शाळेचे शिक्षक आणि तेच पालक. ज्याचा आपल्याशी काडीचा संबंध नाही असा माणूस आपल्या चित्रापुढे थांबला, हे नववीतल्या मुलीला कधी दिसतच नाही.

सरकारने तर चित्रकलेचे गुण करून टाकले. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसतात ती बहुतांशी दहावीतल्या वाढीव गुणांसाठी. इंटरमिजिएटला अ श्रेणी आली तर 7, ब ला 5, क ला 3. मग स्मरणचित्रसुद्धा पाठ केलं जातं! तोच बसथांबा, तोच फुगेवाला, त्याच ठरावीक आकृत्या. अंबा नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं नागोठण्याच्या मुलाने स्वतः पाहिलेलं असतं. ते त्याने काढावं कुणासाठी? परीक्षकाने श्रेणी दिली की चित्र संपलं. मुलाच्या हाती उरतं प्रमाणपत्र.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला आपण विसरलो, याचा मला संताप येतो. अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायक करमरकरांनी लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरच्या नजरेस पडलं आणि त्याने या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी करून दिली. पुढे पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच हातांनी घडवला. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज शिल्पसंग्रहालय आहे. ते चित्र शाळेच्या वहीत राहिलं असतं तर कलेक्टरला कुठून दिसलं असतं? देऊळ सगळ्यांचं होतं, म्हणून दिसलं.

पेण तालुक्यात हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत रंगकाम आणि डोळ्यांची आखणी बघत मुलं लहानाची मोठी होतात. हातात एवढी कला असलेल्या मुलखात शाळकरी मुलांचं काम लोकांनी जाऊन पाहावं अशी कायमची जागा गावोगावी का नसावी? चांगलं चित्र बघायचं तर सुमारे 100 किलोमीटरवरचं मुंबईचं जहांगीर कलादालन गाठा. तिथे दालन मिळवायला नावाजलेल्या चित्रकारांनाही वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आमच्या मुलांची काय कथा!

“पोरांची कामं कच्ची असतात, ती लोकांपुढे कशाला?” असं मला सुशिक्षित माणसांनी ऐकवलं आहे. हा युक्तिवाद साफ खोटा आहे. लंडनची रॉयल अकॅडमी 2019 पासून शाळकरी मुलांच्या चित्रांचं स्वतंत्र उन्हाळी प्रदर्शन भरवते. त्यांना कमीपणा येत नाही, मग आपल्या ग्रामपंचायतीला का यावा? कच्चेपणा लोकांपुढे मांडल्यानेच कमी होतो. चित्र चौकटीत बसवून भिंतीवर लागणार, खाली आपलं नाव येणार, हे कळलं की मूल रंग लावताना दहादा विचार करतं. दुसऱ्याने काढलेलं चित्र उतरवून काढायची त्याला लाज वाटू लागते. कुठलाही शिकवणीवर्ग हे शिकवत नाही.

पैसे नाहीत, हे कारणही नको. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या फलकांना या गावांत पैसा कधी कमी पडलेला नाही. नागोठण्याच्या शेजारी पेट्रोकेमिकलचा एवढा मोठा कारखाना उभा आहे. कंपनी कायदा 2013 नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि कला-संस्कृती त्या यादीत आहे. एक खोली, चांगला उजेड, कोरड्या भिंती आणि संध्याकाळी दार उघडणारा माणूस, एवढंच तर हवं आहे.

तेव्हा ग्रामपंचायत सदस्यांनो, येत्या ग्रामसभेत अशा खोलीचा ठराव आणा. चित्रं महिनाभर लावा, शाळांनी आळीपाळीने लावा. परिसरातल्या प्रत्येक शाळेला संधी द्या, आदिवासी वाड्यांवरच्या मुलांच्या शाळांना पहिली. उद्घाटनाला पुढारी नको, शाली-श्रीफळ नको, पहिला-दुसरा-तिसरा नको. प्रत्येक चित्राखाली मुलाचं नाव आणि इयत्ता ठळक लिहा. आणि नागोठणेकरांनो, बाजाराला आलात की दहा मिनिटं आत जा.