दहा शाखा असल्याशिवाय पोट दुखत नाही काय?

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली.

महोदय,

तुमच्या २०२० च्या लेबलिंग व डिस्प्ले विनियमांतला तो १० चा आकडा कोणी काढला आणि कशावरून काढला, एवढे एकदा सांगून टाका. ज्याच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्याच्या १० वा जास्त शाखा आहेत, त्याच खाद्यगृहाने पदार्थात ग्लुटेनचे धान्य आहे की नाही ते ग्राहकाला सांगायचे. बाकीच्यांनी तोंड मिटून बसावे. वर्षात ६० दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्यांना आणि कार्यक्रमांच्या केटररना तर शाखा न मोजताच माफी.

आता महाबळेश्वरला या. बाजारपेठेतून वेण्णा तलावापर्यंत चालत जा आणि १० शाखांची हॉटेले मोजा. एका हाताची बोटेही लागणार नाहीत कदाचित. उरलेले सगळे घरगुती खाणावळी, लॉजची स्वयंपाकघरे, पॉइंटांवरच्या टपऱ्या. गाव जेवते ते इथे, आणि पर्यटकही बहुतेक इथेच जेवतात. तुमचा नियम नेमका इथे येऊन थांबतो.

माझ्या मुलीला सिलिॲक हा आतड्याचा आजार आहे. रक्ताची टीटीजी तपासणी आणि लहान आतड्याचा तुकडा काढून केलेली बायोप्सी, दोन्ही झाल्या आहेत. औषध नाही. गहू, बार्ली, राय ही ग्लुटेनची धान्ये जन्मभर बंद, हाच उपचार. घरी तो आम्ही नीट करतो: तवा वेगळा, परात वेगळी, गिरणीत ज्वारीवरच ज्वारी टाकायची आणि तरीही पहिले दळण गाईला. अडचण उंबरठ्याबाहेर सुरू होते.

हा आजार तुम्हाला समजावून सांगायला नको. आकडे तुमचेच आहेत. पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत. २० ते १०० च्या दरम्यान असेल तर 'कमी ग्लुटेन', आणि सोबत सिलिॲकच्या रुग्णाला धोका असू शकतो, असा इशारा. उत्तम. गव्हाच्या पिठात हेच ग्लुटेन किलोमागे ७०-८० हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेले तर तीन महिन्यांत आतड्याचे अस्तर पुन्हा बिघडू लागते, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात दिसले आहे. पावाच्या एका स्लाइसमध्ये त्याच्या सुमारे ४० पट असते. म्हणजे कारखान्याच्या दारात तुम्ही मिलिग्रॅम मोजता आणि हॉटेलच्या चुलीपाशी आलात की मूठभर कणीकही तुम्हाला दिसत नाही!

दिसत नाही ते सांगतो. नाचणीची भाकरी तुटू नये म्हणून तिच्यात कणीक मिसळतात. ज्या तव्यावर चपात्या झाल्या, त्याच तव्यावर भाकरी पडते. इथले कॉर्न पॅटीस मक्याचे खरे, पण त्याला बाहेरून ब्रेडचा चुरा असतो. कांदाभजी बेसनाची, पण कढई समोशाची. पिठल्याच्या फोडणीत डबीतला हिंग पडतो, आणि त्या हिंगात धान्याचे पीठ घालायला तुमच्याच मानकांची परवानगी आहे. डबीवर ते छापलेले असते, हे कबूल. डबी आचाऱ्याच्या फळीवर असते, आमच्या टेबलावर नाही.

एका हॉटेलात भाकरी निव्वळ नाचणीची आहे ना, असे दोनदा विचारून मागवली होती. पुढचे चार दिवस मुलगी अंथरुणात होती. तक्रार केली, स्मरणपत्रे दिली. ज्या कार्यालयात गेलो त्याचे नाव घेत नाही, कारण त्यांनी तुमचाच नियम वाचून दाखवला. गहू म्हणजे भेसळ नव्हे, परवाना जागच्या जागी आहे, शाखा एकच आहे. प्रकरण मिटले.

खपलीचे तर विचारूच नका. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठचा हा गहू, आमच्या अभिमानाचा. पण आता 'गहू सोसत नाही त्यांच्यासाठी' म्हणून तो रस्त्याकडेच्या दुकानांत दीडपट भावाने खपतो. खपली हा गहूच आहे. त्यातले ग्लुटेन ग्रॅममध्ये मोजावे लागते. मधुमेहाच्या माणसाने खुशाल खावा, सिलिॲकच्या पोराला तो विषच. सुट्या पोत्याला लेबल नाही, म्हणून विकणाऱ्याला भीतीही नाही.

(गव्हाच्या पानावर गेरवा पडला तर तो ओळखायला महाबळेश्वरात गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गव्हाने माणसाच्या आतड्याचे काय केले ते ओळखायला आम्हाला घाट उतरून पुणे गाठावे लागले. पिकाचा हेवा वाटला, एवढेच.)

'हा उत्तरेकडचा आजार' असेही ऐकवले जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे आढळली. पाहणीच्या तीन ठिकाणांत महाराष्ट्र नव्हता. आणि आम्ही उत्तरेचे नाही, असे क्षणभर धरले तरी मे महिन्यात इथल्या हॉटेलांत उतरतात ते कुठले असतात, हे पार्किंगमधल्या गाड्यांच्या नंबरपाट्या पाहून ठरवा.

हॉटेलवाल्यांवर माझा राग नाही. मिलिग्रॅम मोजायचे यंत्र त्यांनी घ्यावे, असे कोणी म्हणत नाही. भिंतीवर भावफलक असतोच; ज्या पदार्थात गहू, मैदा किंवा रवा आहे त्यापुढे तसे लिहायचे. खडूचा खर्च परवडत नसेल तर तो मी देतो. विचारल्यावर खोटे सांगितले तर दंड, एवढे त्याला जोडा. आणि ग्लुटेनयुक्त धान्यांपुरती ती १० शाखांची आणि ६० दिवसांची अट काढून टाका. त्याला एका ओळीची दुरुस्ती पुरते.

दुरुस्ती करणार नसाल तर तसे स्पष्ट कळवा. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे वर्ग केले आहे', एवढेच लिहिणार असाल तर टपालखर्च वाचवा; तसली पत्रे माझ्याकडे आधीच आहेत.

आपला,
सिलिॲकग्रस्त मुलीचा बाप,
महाबळेश्वर, जि. सातारा