पंधरा जीबी भरल्यावर

जीमेलचं खातं काठोकाठ भरलं की येणारी पत्रं आल्या पावली परत जातात. पाठवणाऱ्याला तसा निरोप मिळतो. पण खातं ज्याचं आहे त्याला आपलं कोणतं पत्र हुकलं याचा पत्ताच लागत नाही. सवलतींच्या जाहिराती परत गेल्या तर कुणाचंच बिघडत नाही. मात्र आयकर विभागाच्या नोटिसा, बँकेची स्टेटमेंट, विम्याच्या हप्त्याची आठवण, नातवंडांच्या प्रवेशाचे निरोप आता याच पत्त्यावर येतात. ‘स्टोरेज भरलं आहे’ ही सूचना म्हणूनच सवडीने बघू म्हणत सोडून द्यायची नसते. ती आल्यावर काय करायचं, हे आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना नीट शिकवणं घरच्यांनी आणि गावातल्या संस्थांनी अंगावर घ्यायला हवं.

या अडचणीचं खापर वापरणाऱ्यांवर फोडणं अन्यायाचं आहे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू झालं तेव्हा फुकटच्या खात्यात हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी जागा देत होतं. जीमेलने एकदम १ जीबी देऊ केली. तारीख बघून अनेकांना ती थट्टाच वाटली. आता पत्रं डिलीट करायची गरज उरणार नाही, असं तेव्हा कंपनीच सांगत होती आणि लोकांनी ते मनावर घेतलं. २०१३ मध्ये पत्रं, ड्राइव्हवरच्या फायली आणि फोटो या सगळ्यांसाठी मिळून १५ जीबी ठरली; फुकट जागेचा हा आकडा त्यानंतर वाढलेला नाही. भर मात्र पडत गेली. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली फुकट अमर्याद साठवण थांबली. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत धरला जाऊ लागला. आधी साठवायची सवय लावली, मग जागा मोजायला सुरुवात केली. मधल्या काळात आवरायला कुणी शिकवलंच नाही.

व्हॉट्सॲपवर आलेला एखादा व्हिडिओ नेमका कुठे कुठे जाऊन बसतो, ते पाहण्यासारखं आहे. तो आपोआप डाउनलोड होतो आणि फोनची जागा घेतो. गूगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल, तर तो तिथेही चढतो. रात्री व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप होतो; त्यात व्हिडिओ घ्यायची सोय चालू असेल, तर तो पुन्हा जातो. एका व्हिडिओच्या तीन प्रती, त्यातल्या दोन गूगलच्या खात्यात! भारतातले फोन ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी तुंबतात हे गूगललाही उमगलं होतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘फाइल्स गो’ या ॲपमध्ये पुढे अशी चित्रं शोधून काढायची खास सोय केली गेली.

घाबरलेला माणूस पहिलं काय करतो? इनबॉक्स उघडतो आणि एकेक पत्र डिलीट करत बसतो. तास-दीड तास जातो, टक्का हलत नाही. साधं, जोडफाइल नसलेलं पत्र काही केबींचं असतं. फुल एचडीत काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ मात्र साठ ते सव्वाशे एमबी घेतो. अशा एका व्हिडिओमागे हजारभर पत्रं सहज जातात. आवरायची सुरुवात म्हणूनच मोठ्या वस्तूंपासून करावी.

आधी भरलंय काय ते बघायचं. जीमेलच्या ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यात स्वतःच्या फोटोचा गोल असतो. त्यावर बोट ठेवलं की किती जागा वापरली ते दिसतं आणि तिथेच टॅप केलं की पत्रं, फोटो, ड्राइव्ह असा हिशेब उघडतो. फोटोंनी दहा जीबी घेतली असेल, तर पत्रांशी झटापट करण्यात अर्थ नाही. पत्रांनीच घेतली असेल, तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडावं. शोधाच्या चौकटीत उजवीकडे एक बारीक खूण असते. ती दाबली की तपशिलाचा फॉर्म खाली येतो. त्यात आकारासमोर ‘पेक्षा मोठे’ निवडून १० एमबी लिहिलं की जडजड पत्रांची यादी समोर येते. हवी ती जोडफाइल आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, मग पत्र काढावं. शेवटी ट्रॅश रिकामा करायचा. तो केला नाही तर ३० दिवस ती पत्रं तिथेच राहतात आणि जागाही अडवून ठेवतात. पुष्कळ जण इथेच फसतात.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग स्टोरेज आणि डेटा, मग स्टोरेज व्यवस्थापन असं गेलं की ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ आणि ‘५ एमबीपेक्षा मोठे’ असे दोन गठ्ठे वेगळे काढून ठेवलेले दिसतात. चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायचे की नाही, त्याचं बटन बंद करता येतं. गूगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमधून व्हॉट्सॲपचं फोल्डर वगळता येतं. एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. फोनची जागा वेगळी आणि खात्याची जागा वेगळी. गूगल फोटोजमधलं ‘जागा मोकळी करा’ हे बटन, ज्यांचा बॅकअप झाला आहे ते फोटो फक्त फोनमधून काढतं. खात्यात ते तसेच राहतात. याउलट, त्याच ॲपमध्ये साधं डिलीट केलं तर फोटो दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये मिळतो, नंतर कायमचा जातो. लग्नाचे, बारशाचे, कायमचे दुरावलेल्या माणसांचे फोटो या एका गैरसमजापायी जाऊ शकतात.

घराघरांत या अडचणीवर एकच वाक्य ऐकू येतं: “दे इकडे, मी करतो.” मुलगा फोन घेतो, भराभर बोटं फिरवतो, दोन मिनिटांत परत देतो. आईला काहीच कळलेलं नसतं आणि सहा महिन्यांनी तीच सूचना पुन्हा येते. पुण्यातून किंवा न्यू जर्सीतून फोनवर “आई, वर उजवीकडे गोल दिसतोय का? दाब त्यावर. आता काय आलं ते वाच” असं सांगणारा मुलगा जास्त वेळ घेतो, पण तो खरी मदत करतो. फोन तिच्याच हातात राहतो, बोट तिचंच फिरतं. पायऱ्या तिने स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतल्या, तर पुढच्या वेळी तिला कुणाची वाट पाहावी लागत नाही.

हे शिकवण्याचं आणखी एक निकडीचं कारण आहे. ‘तुमचं स्टोरेज भरलंय, आज पैसे भरा नाहीतर फोटो जातील’ अशी खोटी पत्रं सर्रास फिरतात. खालची लिंक दाबली की पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मागितला जातो. ज्याला आपल्या खात्यातला हिशेब स्वतः उघडून बघता येतो, तो अशा लिंकला हात लावत नाही. ओळख नसलेल्या ‘मदतनिसा’ला स्क्रीन दाखवणं तर कटाक्षाने टाळावं. फसगत झालीच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.

महाराष्ट्राला संगणक शिकवण्याचा अनुभव आहे. एमएस-सीआयटीने गावोगावच्या लाखो लोकांना माउस धरायला शिकवलं. आता गरज आहे ती छोट्या, नेमक्या मदतीची. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत, वर्तमानपत्र वाचायला ज्येष्ठ मंडळी तिथे रोज येतात. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ, कॉलेजचे दोन-तीन विद्यार्थी, एक वायफाय आणि मोठ्या अक्षरांत मराठीत छापलेला पायऱ्यांचा कागद, इतकं पुरेल. विद्यार्थ्यांनी समोरच्याचा फोन हातात घ्यायचा नाही आणि पासवर्ड विचारायचा नाही, असे दोन नियम दारावर लावावेत. हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत धरलं, तर विद्यापीठांना त्यासाठी नवी योजना आखावी लागणार नाही.