चान्स यादीत असतो

पक्षांतर्गत निवडणुकीत ज्याचा चान्स नाही त्याने उभंच राहू नये, असं मत परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या राजकारणात मुरलेल्या एका गृहस्थांनी नुकतंच मांडलं आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. गृहस्थ अभ्यासू आहेत, त्यांच्या शब्दाला तालुक्यात वजन आहे. म्हणूनच हे मत तसंच सोडून देणं मला परवडत नाही. उद्या हेच मत चावडीवर, परवा तालुका कार्यालयात आणि तेरवा एखाद्या तरुण कार्यकर्त्याच्या घरी बोललं जाईल. तो तरुण अर्ज भरायचा राहील आणि त्यालाच आपण शहाणपण म्हणू.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. उमेदवाराचा चान्स म्हणजे पैसा, जात आणि वरचा हात यांची बेरीज. ही बेरीज पुढाऱ्यांना जमते, साध्या सभासदाला जमत नाही. म्हणून तिकीट वरून यावं हेच बरं. पक्षात मतदान घेतलं की गट पडतात. अमेरिकेतली पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, शिवाय तिच्यातून पडणारे उमेदवार निघतात. आपल्याकडे एखाद्या पक्षाने अध्यक्षपदासाठी मतदान घेतलंच, तर निकाल आधी ठरलेला असतो. दाखल्यासाठी त्यांनी २०२२ची काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक दिली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मतं, शशी थरूर यांना १,०७२. एवढा फरक पडणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं, मग थरूर उभे राहिलेच कशाला?

आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मुळातच चुकला आहे. चान्स ही उमेदवाराच्या अंगची गोष्ट आहे, त्याच्या उंचीसारखी किंवा सातबाऱ्यासारखी, असं त्यांनी धरलं आहे. मत कोण देणार, हे ठरल्याशिवाय कुणाचाच चान्स सांगता येत नाही. चान्स यादीत असतो.

पालमच्या माणसाला हे मी समजावून सांगावं लागावं, याचंच मला आश्चर्य वाटतं. सेवा सहकारी सोसायटीची निवडणूक कधी ठरते? मतदानाच्या दिवशी? मतदारयादी पक्की होते त्या दिवशी ती अर्धी ठरलेली असते. थकबाकीदाराला मत नाही. मग कुणाची थकबाकी वेळेत भरून घेतली आणि कुणाला शेवटच्या दिवसापर्यंत अंधारात ठेवलं, कुणाला नवा सभासद करून घेतलं आणि कुणाचा अर्ज महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहिला, यावर पॅनलचं नशीब ठरतं. मयताचं नाव यादीत राहतं आणि त्याच्या वारसाचं येत नाही. चाटोरीपासून पेठशिवणीपर्यंत कुठल्याही गावात विचारा, यादीचं राजकारण माहीत नसलेला शेतकरी सापडणार नाही. मग हाच माणूस दिल्लीच्या निवडणुकीबद्दल बोलताना यादी विसरून उमेदवाराच्या तोंडाकडे का बघायला लागतो?

सरपंचपदाचं उदाहरण तर याहून उघड आहे. २०१७मध्ये राज्यात थेट जनतेतून सरपंच निवडण्याचा कायदा आला. २०२०मध्ये तो रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांच्या हाती गेली. २०२२मध्ये सरकार बदललं आणि थेट निवड परत आली. या पाच वर्षांत गावं बदलली नव्हती, उमेदवारांच्या जाती बदलल्या नव्हत्या, त्यांचे खिसेही फारसे बदलले नसतील. तरीही ज्याला सगळं गाव मत देईल पण निम्मे सदस्य देणार नाहीत, असा माणूस एका वर्षी हुकमी सरपंच होता आणि दुसऱ्या वर्षी त्याचा चान्स शून्य होता. बाजार समितीतही तेच झालं. मतदार सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य असावेत की किमान दहा गुंठे जमीन असलेला शेतकरी असावा, यावर २०१७ आणि २०२० या दोन वर्षांत दोन सरकारांनी दोन उलट निर्णय घेतले. ज्यांनी ते घेतले त्यांना चान्स कुठे असतो ते पक्कं ठाऊक होतं. उमेदवार बदलण्याच्या खटपटीत ते पडले नाहीत, त्यांनी यादी बदलली.

आता काँग्रेसकडे या. २०२२ला मत देण्याचा अधिकार होता तो नऊ हजारांवर प्रदेश प्रतिनिधींना. कोण होते हे प्रतिनिधी? कागदावर ब्लॉकमधून निवडून आलेले. पण त्यांच्या निवडीसाठी आपल्या तालुक्यात मतपेटी ठेवलेली कुणी पाहिली? मतदानाआधी काही खासदारांनी, त्यांत थरूरही होते, मतदारयादी उघड करण्याची लेखी मागणी केली. पुढे यादी हाती आली तेव्हा तिच्यात अनेकांचे फोन नंबरच नाहीत, अशी तक्रार थरूर यांनी केली. ज्या निवडणुकीत उमेदवाराला मतदार कुठे राहतो तेच कळत नाही, तिच्यात त्याला १,०७२ मतं पडली. माझ्या दृष्टीने ही त्या निवडणुकीतली सगळ्यात मोठी बातमी होती. जाणकारांनी तिला हरल्याची नोंद म्हणून बाजूला टाकलं. खर्गे यांच्याविषयी माझी तक्रार नाही. आपल्यासारखेच निजामी मुलखात, बीदर जिल्ह्यात जन्मलेले, रझाकारांच्या काळात घरची माणसं गमावलेले आणि ब्लॉक पातळीपासून वर चढलेले ते नेते आहेत. त्यांना खुल्या यादीतही भरघोस मतं मिळाली असती असं मला वाटतं. ती यादी खुली करण्याची हिंमत मात्र पक्षाला झाली नाही.

याहून बोलका दाखला मराठी माणसाचाच आहे, आणि गृहस्थांनी तो का दिला नाही हे मला कळलं नाही. १९९७ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी तिघं उभे होते. सीताराम केसरी यांना ६,२२४ मतं मिळाली, शरद पवार यांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४. या गृहस्थांच्या हिशेबाने पवार उभे राहिले ही घोडचूकच ठरते. आता पुढचं वर्ष बघा. फेब्रुवारी १९९८ची लोकसभा निवडणूक आली आणि पवारांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात काँग्रेसने ४८पैकी ३३ जागा जिंकल्या, मित्रपक्ष रिपब्लिकनांच्या ४ धरून ३७. देशभरात पक्षाला १४१ जागा मिळाल्या, त्यांतल्या ३३ एकट्या महाराष्ट्राच्या. आपला परभणी मतदारसंघ शिवसेनेचा गड समजला जायचा, तोही त्या वर्षी सुरेश वरपूडकर यांनी काँग्रेसकडे आणला. ज्या केसरींना सहा हजारांवर मतं पडली होती, त्यांना त्याच वर्षी मार्चमध्ये कार्यकारिणीने अध्यक्षपदावरून बाजूला केलं. ८८२ मतं घेणाऱ्याच्या मागे लाखो मतदार उभे राहिले आणि ६,२२४ मतं घेणाऱ्याची खुर्ची वर्षभरही टिकली नाही. चान्स मोजणाऱ्यांनी कुणाला मोजलं होतं? प्रतिनिधींना. मतदाराला मोजायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पवारांना दोष द्यायचाच तर तो वेगळ्या गोष्टीसाठी देता येईल. अध्यक्षपदाच्या त्या पराभवानंतर दोन वर्षांनी त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, तेव्हा ज्या बंद यादीने त्यांना हरवलं ती उघडी करायची संधी त्यांच्या हातात होती. तिचा उपयोग झालेला मला तरी दिसला नाही.

काँग्रेसच्या इतिहासात मागे गेलं तरी हेच. १९३९मध्ये सुभाषचंद्र बोस १,५८० मतं घेऊन पट्टाभि सीतारामय्यांच्या १,३७७ मतांवर मात करून निवडून आले. वरच्या नेत्यांचा कौल त्यांच्या विरोधात होता, म्हणजे चान्सवाल्यांच्या वहीत ते पडलेलेच होते. प्रतिनिधींनी त्यांना निवडलं. पुढे त्यांना काम करू दिलं गेलं नाही आणि काही महिन्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, हा दोष निवडणूक घेणाऱ्यांचा नव्हता, निकाल न मानणाऱ्यांचा होता. १९५०मध्ये पुरुषोत्तमदास टंडन १,३०६, आचार्य कृपलानी १,०९२ आणि आपले शंकरराव देव २०२, अशी लढत झाली. देव पडणार हे त्यांनाही माहीत असणार. ते उभे राहिले म्हणून काँग्रेस फुटली नाही. त्याच वर्षीचं अधिवेशन नाशिकला रीतसर पार पडलं.

अमेरिकेच्या प्रायमरीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते अर्धवट आहे. १९७२मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभासदांनी निवडलेले जॉर्ज मॅकगव्हर्न पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले, हे खरं. पण त्याआधी १९६८मध्ये एकही प्रायमरी न लढता नेत्यांच्या बळावर उमेदवार झालेले ह्यूबर्ट हम्फ्रीही हरलेच होते. त्या पराभवानंतर तर प्रायमरीचे नियम बदलले. २००७ सालभर हिलरी क्लिंटन पाहण्यांत पुढे होत्या, बराक ओबामांचा चान्स नाही असं सांगणारे ढीगभर पंडित होते. ३ जानेवारी २००८ला आयोवात सभासद गोळा झाले आणि त्या एका रात्रीत पंडितांचे हिशेब विस्कटले. पैसेवाल्यांचा खेळ म्हणाल तर बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदार यांचं उदाहरण घ्या. २०१८ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले आणि ते तिसरे आले. २०२२ला डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ जणांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मतांवर त्यांनी प्रायमरी जिंकली आणि ते अमेरिकी संसदेत गेले. उमेदवार तोच, पैसा दोन्ही वेळा होता, मतदार वेगळे होते. पहिला पराभव झाला तेव्हाच त्यांनी घरी बसावं, असा सल्ला आपल्या गृहस्थांनी दिला असता.

आणि वरून आलेल्या तिकिटाच्या शहाणपणाबद्दल तर आपल्या भागात तरी कुणी बोलू नये. पालम, गंगाखेड आणि पूर्णा मिळून जो गंगाखेड विधानसभा मतदारसंघ होतो, त्याने २००९ला सीताराम घनदाट यांना अपक्ष म्हणून निवडलं, २०१४ला राष्ट्रवादीचे मधुसूदन केंद्रे निवडले आणि २०१९ला राष्ट्रीय समाज पक्षाचे रत्नाकर गुट्टे. तीन निवडणुका, तीन वेगळे शिक्के. मोठ्या पक्षांनी पैसा, जात आणि वरचा हात यांची बेरीज करूनच तिकिटं दिली होती ना? २०२४ला लोकसभेसाठी महायुतीने साताऱ्याच्या महादेव जानकरांना परभणीत आणलं, तेही अशीच बेरीज करून. संजय जाधव सव्वा लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. यात जानकरांचा दोष नाही. लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो, हे ज्यांना जन्मापासून माहीत आहे अशा सभासदांना कुणी विचारलं होतं का, की उमेदवार कोण हवा?

सभासदाला समज नसते, या मुद्द्यावर मी एकच सांगतो: पाच वर्षांनी त्याचं मत मागायला याल तेव्हा हे त्याच्या तोंडावर बोलून दाखवा. गट पडतात म्हणाल तर ते आजही आहेतच, आणि एबी फॉर्म मिळाला नाही की रातोरात दुसऱ्या पक्षात जातात. मतदान घेतलं तर निदान किती जण कुणाच्या मागे आहेत ते कळेल.

आमचा हा वाद जुना आहे. मागे एका संस्थेच्या निवडणुकीत, हरणाऱ्याने अर्ज मागे घेऊन बिनविरोध करावी, म्हणजे गावाला शोभा येते, असा आग्रह याच विचाराच्या मंडळींनी धरला होता. अर्ज मागे घेतला गेला, हारतुरे झाले, फोटो निघाले. पुढे त्या संस्थेचा कारभार कसा चालला हे सांगायची गरज नाही. विरोधी उमेदवारच नव्हता, तेव्हा हिशेब मागायलाही कुणी उरलं नव्हतं. बिनविरोध निवडीचं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग काय करायचं? माझी मागणी लहान आहे. पक्षाने तालुक्यातल्या सभासदांची यादी निवडणुकीच्या किमान वर्षभर आधी उघड लावावी आणि नंतर तिच्यात नावं घुसडू नयेत. विधानसभेचं तिकीट ठरवण्याआधी त्या सभासदांचं गुप्त मतदान घ्यावं. वरच्या समितीला तो कौल नाकारायचा असेल तर तिने कारण लेखी द्यावं. आपल्या कायद्यात पक्षांवर असं बंधन कुठेही नाही, त्यामुळे न्यायालयात जाऊन हे मिळणार नाही. ते सभासदांनीच मागून घ्यावं लागेल. या मतदानातून दर वेळी उत्तम माणूस निघेल असं मी म्हणत नाही. जो निघेल त्याला कुणी निवडलं हे सगळ्यांना माहीत असेल आणि जो पडेल त्याला आपली मतं किती ते कळेल. एवढ्या दोन गोष्टी आज आपल्याकडे नाहीत.

तेव्हा पालममधल्या प्रत्येक पक्षाच्या सभासदाला माझी विनंती आहे, पक्ष कुठलाही असो. पुढच्या खेपेस तालुकाध्यक्ष तुम्हाला अमक्याचा चान्स आहे, तमक्याचा नाही असं सांगायला आले, तर त्यांच्याकडे आधी सभासदयादी मागा. ती मिळेपर्यंत कुणाचाही चान्स मानू नका, आणि उभं राहायचं असेल तर अर्ज भरा.