हिरोचे कपडे कोण शिवतं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या आईबाबांना, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या सातवी ते दहावीतल्या पोरांना, थोडं सांगायचं आहे. विषय मोबाइल गेमचा. पण ‘डोळे जातील, मार्क जातील’ हे पालुपद इथे नाही. ते घरोघरी रोज चालतं आणि कुणी ऐकत नाही. बोलायचंय ते गेममधल्या हिरोबद्दल: तो तसाच का दिसतो आणि त्या दिसण्याचे पैसे कोण भरतं.

फ्री फायर घ्या. मूळ गेमवर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स पोरांच्या मोबाइलवर राहिलाच. यात सुरुवातीला फुकट मिळायची ती पात्रं म्हणजे अ‍ॅडम आणि ईव्ह. कपडे साधे आणि अंगात एकही खास शक्ती नाही. चित्रकाराला जमलं नाही म्हणून ती फिकी नव्हती. फुकटचं पात्र फिकं असलं की दुकानातलं उठून दिसतं. मग येतो आलोक, ब्राझीलच्या खऱ्याखुऱ्या डीजेवर बेतलेला. तो आजूबाजूच्या सोबत्यांचा वेग वाढवतो, गेलेली ताकद भरून देतो. त्याची किंमत तेव्हा 599 डायमंड होती; डायमंड म्हणजे रुपये देऊन घ्यायची गेममधली नाणी. 2020 मध्ये हृतिक रोशनवरून ‘जय’ आला, वर्षअखेर रोनाल्डोवरून ‘क्रोनो’. क्रोनो आला तेव्हा त्याची ढाल इतकी भारी होती की ज्याच्याकडे तो नाही त्याची पंचाईत. पुढे कंपनीनेच ती ढाल कमजोर करत आणली. तोवर ज्यांना घ्यायचा त्यांनी घेतला होता. 2023 मध्ये फ्री फायर इंडियाची घोषणा झाली तीही धोनीला पुढे करून.

आता एक करा. पोराच्या शेजारी पाच मिनिटं बसा आणि स्क्रीन बघा. रागवायचं नाही, नुसतं बघायचं. हिरोचा चेहरा दिसतो का? दिसते ती पाठ. धावताना, झोपून सरपटताना, गोळी झाडताना, पाठच. म्हणून तर पाठीवरची बॅग विकायला असते, पॅराशूट विकायला असतं, बंदुकीचा रंगसुद्धा. चेहरा दिसतो तो खेळ सुरू होण्याआधी, चौघं ओळीत उभे राहतात तेव्हा. तीच खरी शोकेस. एक सोनेरी चिलखतात, एकाला पंख, एकाच्या अंगातून ज्वाळा, आणि चौथा साध्या टी-शर्टात. त्याला बाकीचे तिघं ‘नूब’, म्हणजे नवशिका, म्हणतात. त्या रात्री घरात डायमंडसाठी जी रडारड होते ती इथून सुरू झालेली असते.

यातली गंमत अशी की तो झळाळता पोशाख लढाईत शत्रूला लांबूनच दिसतो. लपून मारायच्या खेळात उठून दिसण्यासाठी पैसे मोजायचे! हे पोरांना सांगितलं की ती हसतात. त्यांना ते आधीच ठाऊक असतं.

उल्हासनगरच्या माणसाला तर हा धंदा समजावून सांगायलाच नको. कॅम्प 5 मध्ये जीन्स कशी तयार होते हे ज्याने पाहिलंय, त्याला माहीत आहे की कापड तेच, शिलाई तीच, मागचं लेबल बदललं की भाव बदलतो. फरक एवढाच, की तिथे हजार जीन्स विकायच्या तर हजार जीन्सचं कापड आणावं लागतं, कारागिराला नगामागे मजुरी द्यावी लागते, माल अंगावर पडला तर नुकसान सोसावं लागतं. गेममधला कोट एकदाच काढायचा आणि लाखोंना विकायचा. दुसऱ्या नगाला कापड जवळपास शून्य. असा माल हाती असल्यावर कुठला व्यापारी हिरोला साध्या कपड्यांत ठेवील?

आणि भाव रुपयांत लिहिलेला नसतो. फ्री फायरचे डायमंड, बीजीएमआयचं यूसी असली नाणी मध्ये घातली की किती रुपये गेले याचा हिशोब पोराच्या डोक्यातून सुटतो. त्यावर सोडत, म्हणजे पैसे देऊन नशीब आजमावायचं. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पाच तारे असलेलं पात्र एका सोडतीत लागण्याची मूळ शक्यता 0.6 टक्के, नव्वदाव्या वेळेपर्यंत एक नक्की मिळतं, पण हवं तेच मिळेल असं नाही. दर सहा आठवड्यांच्या आसपास नवा भाग येतो आणि बहुतेक वेळा नवं पात्र घेऊन. आधीच्यापेक्षा ते जास्त डोळ्यात भरलं पाहिजे, नाहीतर सोडतीला गिऱ्हाईक कुठलं? पट्टे, साखळ्या, झगे, रंगीत केस वाढत जातात ते यामुळे. जानेवारी 2025 मध्ये याच गेमच्या कंपनीने अमेरिकेत 2 कोटी डॉलर भरून सरकारी तक्रार मिटवली. तक्रार होती मुलांना आणि इतरांना सोडतीच्या खऱ्या खर्चाबद्दल फसवल्याची. बेल्जियमने तर 2018 मध्येच पैसे देऊन उघडायच्या अशा सोडतीच्या पेट्या (लूट बॉक्स) जुगारात धरल्या. आपल्याकडे 2025 चा ऑनलाइन गेमिंग कायदा आला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. पोशाखांच्या दुकानावर लक्ष आपल्यालाच ठेवायचंय.

हिरो वेगळ्या तऱ्हेनेही घडतो, आणि तो आपल्या पुण्यात घडलाय. नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने 2020 मध्ये ‘राजी’ काढला. नायिका म्हणजे डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी एक मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली. गेम एकदाच विकत घ्यायचा. त्यामुळे तिला दर महिन्याला नवा घागरा शिवायची कुणाला गरज पडली नाही. जगभरच्या गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या विभागात या गेमला नामांकन मिळालं. पण लोकवर्गणीतून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता, हेही पोरांना सांगा. आणि पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ 2024 मध्ये आला तो फुकट, म्हणजे कमाई पुन्हा पात्रांवर आणि पोशाखांवर. विकणं हे पाप नाही. चित्रकारांचे पगार त्यातूनच होतात. फक्त गिऱ्हाईक तेरा वर्षांचं आहे.

तर आज रात्री, बदलापूर लोकलमधून उतरून घरी पोचलात की, आधी मोबाइल हातात घ्या. प्ले स्टोअरमध्ये कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवा, सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय चालू करा. त्याच फोटोखालच्या यादीत पेमेंटच्या भागात आजवरच्या खरेदीची यादी सापडते. ती पोराला समोर बसवून बघा. घरच्याने चुकून खरेदी केली असेल तर गूगलकडे परतावा मागता येतो, पण 48 तासांच्या आत मागितलेला बरा. यूपीआयचा पिन पोराला पाठ असेल तर आजच बदला. कंपनीच्या मर्यादेवर विसंबू नका: बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) 2021 मध्ये आला तेव्हा 18 वर्षांखालच्यांसाठी खर्चाची मर्यादा दिवसाला 7,000 रुपये होती. दिवसाला! ‘अर्ध्या भावात डायमंड’ म्हणून कुणी लिंक पाठवली तर ती उघडायचीच नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा.

पोरांनो, तुम्ही खेळा. महिन्याचा काही खर्च ठरवून घ्यायचा असेल तर घरी रुपयांत मागा, डायमंडमध्ये नको. बाबांना आकडा कळला तर कदाचित ‘हो’ही म्हणतील.

आणि ज्याला असे हिरो काढायचा नाद लागलाय त्याच्या वहीवर ओरडू नका. या कामाला पुण्यामुंबईत खरे स्टुडिओ आहेत. फक्त अ‍ॅनिमेशनच्या क्लासची फी भरण्याआधी क्लासवाल्याला गेल्या वर्षीच्या मुलांनी काढलेली पात्रं दाखवायला सांगा, त्यातली दोन मुलं आज कुठे कामाला आहेत ते विचारा, आणि त्यांच्याशी बोलून मगच पहिला हप्ता द्या.