मराठीत सांगता येत नाही म्हणे!



दिवाळीत नातू वेरूळला आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या वहीत 'इंपीडन्स मॅचिंग' दिसलं, म्हणून विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, "आजोबा, ते मराठीत नाही सांगता येत." मी मराठी माध्यमातला बी.ए., जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला. वाक्य लागलं. मग त्याच्या मागे लागून समजून घेतलं. आता सांगतो.

पूर्वी गच्चीवरच्या टीव्ही अँटेनाची चपटी वायर असायची ३०० ओहमची आणि टीव्हीचं तोंड ७५ ओहमचं. सरळ जोडली तर? फरक भागिले बेरीज: २२५ भागिले ३७५, म्हणजे ०.६. त्याचा वर्ग ०.३६. म्हणजे ३६ टक्के ऊर्जा जोडावरूनच माघारी! म्हणून मधे एक छोटी डबी लावत. ती दोघांचं जमवून द्यायची. झालं मॅचिंग.

खरी गोम अनेक पट्ट्यांची. वारंवारिता वाढली की कॉइलचा अडथळा वाढतो, कपॅसिटरचा कमी होतो. म्हणून एका पट्ट्यावर जमवलेलं सर्किट दुसऱ्यावर बिघडतं. मग एकतर टप्प्याटप्प्याने जमवायचं, नाहीतर पट्ट्यागणिक वेगळं सर्किट. आपल्या हातातल्या मोबाइललाही ही कसरत करावी लागते. जुन्नर तालुक्यात खोडदच्या आसपास जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. सुधारणेनंतर तिथला एकच फीड २५० ते ५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे दुपटीचा पल्ला सांभाळतो.

यात मराठी कुठे अडली? 'इंपीडन्स' शब्द राहू द्या की. टेबल आणि रेल्वे नाही का राहिले? वाक्य मराठी हवं. नोकरीला इंग्रजी लागतं, हे मान्य. ते जरूर शिकावं. पण आधी विषय कळू द्या, की भाषा येईपर्यंत पोराला ढ ठरवायचं?

हे पाप मीही केलंय. रेडिओ उघडून दुरुस्त करणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. मीच त्याला म्हणालो होतो, "सायन्स इंग्रजीत असतं, तुला झेपणार नाही." तो निमूट आर्ट्सला गेला. आज वाटतं, झेपत नव्हतं ते मला.

असो. वाचकांत इंजिनिअर बरेच आहेत, आमच्या घरातलेही. आपल्या विषयातली एक तरी गोष्ट मराठीत लिहा. माझं काही चुकलं असेल तर जरूर दुरुस्त करा. मराठीतच!