विश्लेषण : सौरछत शाळेचे, मग वीजबिल विद्यार्थ्यांपासून दूर का?

शाळेच्या छतावर सौरपॅनेल बसली, फीत कापली गेली, मुलांनी घोषणा दिल्या. पर्यावरणातील ‘युवा सहभाग’ बहुतेक ठिकाणी इथेच संपतो. देशाचे धोरण ठरताना सोडाच, शाळेचा वीजखर्च ठरतानाही या मुलांना कोणी विचारत नाही.

तरुणांनाच धोरणात रस नाही का?

२०२० चा अनुभव उलटा आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेचा मसुदा ऐन टाळेबंदीत आला, तोही इंग्रजी व हिंदीतच. तो इतर भाषांतही मिळावा, या साध्या मागणीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने ३० जूनला २२ भाषांत भाषांतराचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया’च्या तरुणांनी हरकतींची ईमेल मोहीम चालवली, तर त्यांचे संकेतस्थळच बंद झाले. दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत चक्क ‘यूएपीए’चा उल्लेख होता, तो चुकून झाल्याचे सांगत नोटीस मागे घेतली गेली. हरकती मात्र लाखोंनी आल्या.

शाळेतील सौरसंचाचे गणित काय?

एक किलोवॉटचा संच दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो. मे महिन्यात ऊन कडक आणि शाळा बंद. नेट मीटरिंग असेल तर ही जादा वीज ग्रिडमध्ये जाऊन पुढील बिलांतून वळती होते. नसेल तर वाया. खरी मेख वेगळीच आहे. बिल थकले आणि जोडणी तोडली गेली, की ग्रिडला जोडलेला बॅटरीविना संचही बंद पडतो. छतावर ऊन आणि वर्गात अंधार! शिवाय ‘पंतप्रधान सूर्यघर’चे अनुदान घरांसाठी आहे. शाळेला सीएसआर किंवा लोकवर्गणीतून संच मिळतो, पण पॅनेल धुणे, इन्व्हर्टरची दुरुस्ती यांची तरतूद राहून जाते.

मुले यात काय करू शकतात?

आठवी-नववीच्या वर्गाकडे वर्षभराची बिले आणि मीटरच्या नोंदी सोपवता येतील. वीजनिर्मिती घटली की धूळ की बिघाड, हे शोधणे त्यांना जड नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा व्यवस्थापन समिती तयार करते. मुलांनी आपला तक्ता त्या बैठकीत मांडला, तर दुरुस्तीचा खर्च आराखड्यात धरता येईल. त्यासाठी नवा कायदा नको. वीजबिल मुख्याध्यापकांच्या कपाटातून बाहेर यायला हवे.